महामार्गाने आणलेली समृद्धी मोजायची कशी?

नवा महामार्ग जाहीर झाला की त्यासोबत काही आकडेही जाहीर होतात. प्रवासाचे किती तास वाचतील, किती लाख रोजगार निर्माण होतील, किती जिल्ह्यांचा कायापालट होईल, याची यादी भूमिपूजनाच्या दिवशीच तयार असते. रस्ता वाहतुकीस खुला होतो, फीत कापली जाते आणि या आकड्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. महामार्गासाठी जमीन देणारा शेतकरी, टोल भरणारा वाहनचालक आणि प्रकल्पाच्या कर्जाचा भार अखेर ज्याच्या माथी येतो तो करदाता, या तिघांच्याही दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महामार्गामुळे एखाद्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत नेमका किती फरक पडला, हे मोजण्याचे शास्त्र गेल्या काही दशकांत बरेच प्रगत झाले आहे. या शास्त्राची ही तोंडओळख.

दोन वेगळे प्रश्न

महामार्गाच्या फायद्याचा हिशेब दोन पातळ्यांवर मांडला जातो. पहिली पातळी रस्ता वापरणाऱ्यांची. प्रवासाचा वाचलेला वेळ, इंधन, टायर व देखभाल यांवरील कमी झालेला खर्च आणि अपघातांत झालेली घट या तीन बाबींचे पैशांत रूपांतर करून त्यांची तुलना बांधकाम व देखभालीच्या खर्चाशी केली जाते. भारतात हे काम प्रामुख्याने इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'एसपी-३०' या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार चालते. वर्षानुवर्षांच्या खर्च आणि लाभाच्या प्रवाहातून आर्थिक परतावा दर काढला जातो. हा दर साधारणपणे १२ टक्क्यांहून अधिक आला की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या समर्थनीय मानण्याची पद्धत आहे.

दुसरी पातळी प्रदेशाची. रस्त्यामुळे कारखाने कुठे उभे राहिले, शेतमालाला नवी बाजारपेठ मिळाली का, मजुरीचे दर वाढले का, एका जिल्ह्यातील उद्योग दुसऱ्या जिल्ह्यात सरकले का, हे प्रश्न या पातळीवरचे आहेत. अर्थशास्त्रात यांना 'व्यापक आर्थिक परिणाम' म्हटले जाते. जाहिरातींमध्ये आणि भाषणांमध्ये ज्या विकासाचा उल्लेख होतो, तो बहुतांशी या दुसऱ्या पातळीवरचा असतो. प्रकल्प अहवालातील ठोस गणित मात्र पहिल्या पातळीवरचे असते. घोषणा आणि गणित यांच्यातील ही दरी प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

व्यापक परिणाम म्हणजे काय?

दोन शहरांमधील अंतर वेळेच्या हिशेबाने कमी झाले की उद्योजकाला अधिक पुरवठादार, अधिक कामगार आणि अधिक ग्राहक जवळ येतात. उद्योग एकत्र आल्याने प्रत्येकाची उत्पादकता थोडी वाढते. हा झाला पहिला परिणाम. दुसरा परिणाम स्पर्धेचा. आजवर दुर्गमतेच्या आडोशाने चढा भाव लावणाऱ्या स्थानिक विक्रेत्याला बाहेरच्या मालाशी टक्कर द्यावी लागते आणि ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळते. तिसरा परिणाम श्रमबाजाराचा. गाव न सोडता शहरातील नोकरी करणे शक्य होते, किंवा गाव सोडणे सोपे होते.

यातील प्रत्येक परिणाम उलट दिशेनेही घडू शकतो. ब्रिटनमध्ये प्रमुख रस्त्यांच्या मूल्यमापनासाठी नेमलेल्या स्थायी सल्लागार समितीने १९९९ मधील आपल्या अहवालात या मुद्द्याकडे लक्ष वेधले होते. रस्ता दोन्ही दिशांनी खुला असतो. मागास भागातील माल त्यावरून शहरात जातो, तसाच शहरातील मोठ्या कारखान्याचा स्वस्त माल मागास भागात येतो. अशा वेळी स्थानिक उद्योग टिकेलच, याची हमी नसते. त्यामुळे रस्ता झाला म्हणजे मागास भागाचा विकास झालाच, असे गृहीत धरता येत नाही, असे या समितीचे म्हणणे होते.

'आधी' आणि 'नंतर'चा सापळा

महामार्ग होण्यापूर्वीचे आणि झाल्यानंतरचे आकडे शेजारी मांडणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी पद्धत होय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्यावे. सुमारे ९४ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. त्यानंतरच्या दशकात पुणे परिसराची झालेली भरभराट सर्वांनी पाहिली. परंतु हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान उद्योगाची वाढ, चाकण परिसरातील वाहन उद्योगाचा विस्तार आणि देशभरातील तेजी या घटनाही त्याच काळातील आहेत. या भरभराटीतील रस्त्याचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे नुसते आधीचे व नंतरचे आकडे सांगू शकत नाहीत.

अडचण आणखी एका बाजूने येते. महामार्ग सहसा जिथे वाढीची शक्यता आहे, तिथेच आखले जातात. त्यामुळे महामार्गालगतचे जिल्हे इतरांपेक्षा पुढे दिसतात, ते रस्त्यामुळे की आधीपासूनच पुढे असल्यामुळे, हा प्रश्न उरतो. काही वेळा याच्या उलट घडते. मागास भागाला हात देण्यासाठी मुद्दाम रस्ता नेला जातो आणि तो भाग मागेच राहिल्याने रस्ता निरुपयोगी ठरल्याचा भास होतो.

तुलनेचे तंत्र

यावर उपाय म्हणून संशोधक तुलनेचा आधार घेतात. महामार्गालगतच्या भागातील बदल मोजायचा, महामार्गापासून दूर असलेल्या परंतु इतर बाबतीत सारख्या भागातील बदल मोजायचा आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. उरेल तो रस्त्याचा परिणाम मानायचा.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, महामार्गालगतच्या एका तालुक्यात पाच वर्षांत कारखान्यांतील रोजगार १०,००० वरून १४,००० झाले. दूरच्या तशाच तालुक्यात ते १०,००० वरून १२,५०० झाले. पहिल्या तालुक्यातील वाढ ४,००० आणि दुसऱ्यातील २,५००, म्हणजे रस्त्यामुळे १,५०० रोजगार वाढले, असा निष्कर्ष निघेल.

आता समजा की, दूरच्या तालुक्यातील ५०० रोजगार देणारे कारखाने रस्त्याच्या ओढीने महामार्गालगत स्थलांतरित झाले आहेत. रस्ता झाला नसता तर दूरच्या तालुक्यातील रोजगार १२,५०० ऐवजी १३,००० असते आणि महामार्गालगतच्या तालुक्यातही ते तेवढेच असते. म्हणजे दोन्ही तालुके मिळून २६,००० रोजगार असते. प्रत्यक्षात ते २६,५०० आहेत. संपूर्ण प्रदेशाच्या पदरात पडलेली खरी वाढ केवळ ५०० रोजगारांची आहे. तुलनेच्या पद्धतीने ती तिप्पट दाखवली, कारण ज्या तालुक्याशी तुलना केली, त्यालाच रस्त्याचा फटका बसला होता. नवी निर्मिती आणि नुसते स्थलांतर यांतील फरक ओळखणे हा या संपूर्ण विषयाचा गाभा आहे.

सुवर्ण चतुष्कोनाची कसोटी

भारतातील सुवर्ण चतुष्कोन प्रकल्प जगभरातील अभ्यासकांसाठी मोठी प्रयोगशाळा ठरला. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटर लांबीच्या या जाळ्याचे चौपदरीकरण व सहापदरीकरण २००१ पासून वेगाने सुरू झाले आणि २००६ अखेर त्यातील बहुतांश काम पूर्ण झाले. महाराष्ट्रातून त्याचे दोन बाहू जातात. एक पुणे, सातारा, कोल्हापूरमार्गे बंगळुरूकडे आणि दुसरा मुंबईहून अहमदाबादकडे.

एजाझ घनी, अर्ती ग्रोव्हर गोस्वामी आणि विल्यम केर या अर्थतज्ज्ञांनी 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रकल्पाची तपासणी केली. चार महानगरांना जोडताना वाटेत जे जिल्हे आपोआप आले, त्यांवर त्यांनी लक्ष केंद्रित केले. या जिल्ह्यांची निवड त्यांच्या गुणवत्तेमुळे झाली नव्हती, तर ते केवळ वाटेवर होते. रस्त्यापासून १० किलोमीटरच्या आतील सरासरी जिल्ह्यात दशकभरात संघटित क्षेत्रातील कारखान्यांचे उत्पादन सुमारे ४९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. १० ते ५० किलोमीटर अंतरावरील जिल्ह्यांत असा परिणाम दिसला नाही. सुरत किंवा श्रीकाकुलमसारख्या मध्यम दाटीच्या जिल्ह्यांना अधिक लाभ झाला. ज्या उद्योगांना जमीन व इमारती अधिक लागतात, ते महानगरांतून बाहेर पडून महामार्गालगत स्थिरावू लागले.

हा परिणाम खरोखर रस्त्याचाच आहे का, हे पडताळण्यासाठी त्यांनी एक नामी युक्ती वापरली. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्गांचे काम सुवर्ण चतुष्कोनासोबतच व्हायचे ठरले होते, पण ते लांबणीवर पडले. या लांबलेल्या मार्गांलगतच्या जिल्ह्यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजेच वाढ आधीपासून सुरू असलेल्या प्रवाहामुळे झाली, ही शंका बरीच दूर झाली.

सौगत दत्ता यांनी 'जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स'मध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आणखी सूक्ष्म आहे. रस्ता सुधारलेल्या शहरांतील कारखान्यांकडील कच्च्या मालाचा साठा इतर शहरांच्या तुलनेत ६ ते १२ दिवसांच्या उत्पादनाइतका कमी झाला, असे त्यांना आढळले. माल वेळेवर पोहोचेल याची खात्री वाटू लागली की गोदामात पैसा अडकवून ठेवण्याची गरज उरत नाही. काही कारखान्यांनी जुना पुरवठादार बदलून अधिक सोयीचा पुरवठादार निवडला. वेगापेक्षाही भरवशाचा फायदा कसा मोठा असतो, हे यातून दिसते.

चीनचा धडा आणि खेड्यांचा अनुभव

या आशादायक चित्राला दुसरी बाजूही आहे. चीनने १९९० च्या दशकापासून राष्ट्रीय महामार्गांचे सुमारे ३५,००० किलोमीटरचे जाळे विणले. बेंजामिन फेबर यांनी २०१४ मध्ये 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठी शहरे जोडताना वाटेत आलेल्या लहान व परिघावरील तालुक्यांसारख्या प्रदेशांची आर्थिक वाढ, न जोडल्या गेलेल्या तशाच प्रदेशांच्या तुलनेत मंदावली. औद्योगिक उत्पादनातील वाढ घटणे हे त्याचे मुख्य कारण होते. शहरांतील मोठ्या उद्योगांना दूरची बाजारपेठ खुली झाली आणि लहान गावांतील उद्योग त्यांच्यापुढे टिकले नाहीत. ब्रिटिश समितीने व्यक्त केलेली शंका येथे आकड्यांनिशी समोर आली.

खेड्यांतील रस्त्यांचा अनुभव असाच विचार करायला लावणारा आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत गावाच्या लोकसंख्येनुसार प्राधान्य ठरले होते. या नियमाचा आधार घेऊन सॅम अ‍ॅशर व पॉल नोवोसाद यांनी लोकसंख्येच्या मर्यादेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या गावांची तुलना केली. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, रस्ता झाल्यानंतर चार वर्षांनी शेती सोडून अन्य कामांकडे वळणाऱ्यांचे प्रमाण वाढले, मात्र शेतीचे उत्पन्न, कुटुंबाचे उत्पन्न वा मालमत्ता यांत मोठा फरक पडला नाही. रस्त्याला पाणी, वीज, कर्जपुरवठा आणि शिक्षण यांची जोड नसेल, तर त्याच्याकडून सर्व अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ लावता येईल.

समृद्धी महामार्गाचा हिशेब

महाराष्ट्रापुढे आज हाच प्रश्न 'समृद्धी'च्या रूपाने उभा आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सुमारे ५५,००० कोटी रुपये खर्चाच्या या मार्गामुळे नागपूर-मुंबई प्रवास सुमारे सोळा तासांवरून आठ तासांवर येईल, असे शासनाने सांगितले होते.

वेळेची बचत मोजणे अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे. जालन्याच्या पोलाद उद्योगाला मुंबई परिसरातील बंदरे जवळ आल्याने नवे ग्राहक मिळाले का? अमरावती जिल्ह्यातील संत्री आणि विदर्भातील कापूस यांच्या भावात शेतकऱ्याचा वाटा वाढला की वाचलेले भाडे व्यापाऱ्याच्या खिशात गेले? वाशीम व बुलडाणा या जिल्ह्यांत प्रक्रिया उद्योग आले की तेथील तरुण अधिक सहजतेने नाशिक, ठाण्याकडे निघून गेले? महामार्गालगत आखलेल्या कृषी समृद्धी नगरांची कल्पना कागदावरून जमिनीवर किती उतरली? जुन्या रस्त्यावरील ढाबे, गॅरेज आणि पेट्रोलपंप यांचा धंदा किती बसला? या प्रश्नांची उत्तरे एकत्र आल्याशिवाय 'समृद्धी' हे नाव सार्थ ठरले की नाही, हे सांगता येणार नाही.

यात काळाची गुंतागुंतही आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील तपासणी नाके हटले आणि ट्रकचा खोळंबा कमी झाला. २०२० व २०२१ मध्ये कोविडमुळे व्यवहार थंडावले. २०२१ हे वर्ष आधारभूत धरून २०२४ शी तुलना केली, तर साथीनंतर आपोआप झालेली सुधारणाही महामार्गाच्या खात्यावर जमा होईल. त्यामुळे आधारवर्षाची निवड हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही.

अपघातांचा हिशेबही याच ताळेबंदात मांडावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. अपघातांतील घट ही लाभाची बाब म्हणून धरली जाते, तर वाढ झाल्यास ती खर्चाच्या बाजूला तितक्याच प्रामाणिकपणे मांडली गेली पाहिजे.

मोजणीतील नेहमीच्या चुका

पहिली चूक दुहेरी मोजणीची. महामार्गालगतच्या जमिनींचे भाव वाढतात, ते प्रामुख्याने वाचणाऱ्या वेळेमुळे व खर्चामुळे. वेळेची बचत लाभात धरली आणि जमिनीच्या भावातील वाढही धरली, तर एकच लाभ दोनदा मोजला जातो.

दुसरी चूक बांधकामकाळातील रोजगार लाभ म्हणून मिरवण्याची. मजुरीवर होणारा खर्च हा प्रकल्पाचा खर्च आहे. ते मजूर अन्यथा बेरोजगार राहिले असते, तेवढ्यापुरताच त्यात समाजाचा लाभ असतो आणि काम संपताच तोही संपतो.

तिसरी चूक वाहतुकीच्या अंदाजांवर अतिविश्वास ठेवण्याची. बेंट फ्लायव्हबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विविध देशांतील रस्ते प्रकल्प तपासले. निम्म्या प्रकल्पांत प्रत्यक्ष वाहतूक अंदाजापेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमी किंवा जास्त निघाली. अंदाज चुकला की त्यावर उभे केलेले परताव्याचे गणितही कोसळते.

चौथी चूक, गमावलेल्या संधींचा विचार न करण्याची. हाच पैसा सिंचन, रेल्वे किंवा जिल्हा मार्गांवर खर्च झाला असता तर काय मिळाले असते? रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील रेल्वेबाबत नेमका हाच प्रश्न विचारला होता. रेल्वे नसती तर कालवे व रस्त्यांनी किती काम भागवले असते, याचा हिशेब मांडून रेल्वेचे योगदान समजुतीपेक्षा बरेच कमी होते, असे त्यांनी दाखवले. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाला, परंतु प्रश्न विचारण्याची ही रीत अर्थशास्त्रात रुजली. १९९३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकडे कुठून आणायचे?

मोजणीसाठी लागणारी माहिती आता पूर्वीपेक्षा अधिक उपलब्ध आहे. उद्योगांची वार्षिक पाहणी, एप्रिल २०१८ पासून लागू झालेली ई-वे बिले, फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर अनिवार्य झालेल्या फास्टॅगच्या नोंदी, बाजार समित्यांतील आवक व भाव आणि जमिनींची नोंदणी, या सर्वांतून मालाचा व पैशाचा प्रवाह टिपता येतो. उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या प्रकाशावरून आर्थिक हालचालींचा अदमास घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. मात्र प्रकाश वाढला म्हणजे उत्पन्न वाढलेच, असे नाही. टोलनाक्याचे दिवेही उपग्रहाला दिसतात. शिवाय या नोंदी शासकीय यंत्रणांकडे असल्या तरी स्वतंत्र अभ्यासकांना त्या तालुकानिहाय मिळाल्या, तरच त्यांचा उपयोग आहे.

प्रश्न विचारण्याची वेळ

हा विषय केवळ अभ्यासकांचा नाही. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी या सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन व आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. कोल्हापूर, सांगलीसह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी बागायती जमिनी जाणार म्हणून त्याला विरोध केला. समर्थक विकासाचे आकडे सांगतात, विरोधक गमावणाऱ्या जमिनीचे. दोघांचेही म्हणणे तपासायचे, तर मोजणीची तयारी बांधकामापूर्वीच व्हायला हवी.

त्यासाठी काही गोष्टी आवश्यक आहेत. काम सुरू होण्याआधी प्रभावक्षेत्रातील आणि त्याबाहेरील निवडक तालुक्यांची आर्थिक पाहणी करून ती प्रसिद्ध करावी. लाभ नवे किती आणि इतर भागांतून सरकलेले किती, हे स्वतंत्रपणे मांडावे. लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, याची विभागणी द्यावी. खुले झाल्यापासून पाच आणि दहा वर्षांनी तीच पाहणी पुन्हा करावी आणि ती प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेऐवजी बाहेरच्या संस्थेकडे सोपवावी.

रस्त्याची लांबी आणि रुंदी फूटपट्टीने मोजता येते. त्याने माणसांच्या आयुष्यात पाडलेला फरक मोजण्यासाठी 'आधी'ची नोंद हवी. ती नोंद रस्ता झाल्यावर मागे जाऊन करता येत नाही. जमीन एकदा गेली की गेली. तिच्या बदल्यात प्रदेशाला काय मिळाले, याचा लेखी हिशेब मिळण्याचा अधिकार ती जमीन देणाऱ्याला निश्चितच आहे.